माहेर नसलेली बाई पाहिजे

भिलाईच्या खुर्सीपारला आमची खानावळ होती तेव्हा कामाला बाई ठेवताना मी पहिला प्रश्न विचारत असे, "माहेर आहे का?" बाया आधी हसायच्या, मग माझ्या तोंडाकडं बघून हसू आवरायच्या. हाताला चव आहे का, लेकरं किती, नवरा पितो का, हे सगळं मी नंतर विचारायची. माहेर असेल आणि त्यातून पाठीला भाऊ असेल, तर ती बाई माझ्या कामाची नव्हती.

आमचे हे कारखान्यात फिटर होते. ते म्हणत, "बाई ठेवून राहिली का सोयरिक पाहून राहिली?" त्यांना म्हणायला काय जात होतं! चाळीस माणसांच्या पोळ्या त्यांना थोड्याच लाटायच्या होत्या.

आणि लाटल्या होत्या त्यांनी एकदा. तिथूनच या प्रश्नाचा जन्म झाला.

आम्ही भिलाईला आलो तेव्हा क्वार्टरचा नंबर लागायला वेळ होता. खुर्सीपारला दोन खोल्या आणि मागं पडवी अशी जागा घेतली. पडवीत मी चुली मांडल्या. मशिनरी ज्या लाकडी खोक्यांतून यायची त्यांच्या फळ्या स्वस्तात मिळत, त्याचे बाक केले. त्या फळ्यांवर रशियन अक्षरं होती. ती काय म्हणतात हे कुणालाच माहीत नव्हतं, लोक त्यांवर बसून जेवत. आधी चार-पाच एकटे फिटर जेवायला यायचे. मग एका ठेकेदाराची टोळी मिळाली. लोखंड चढवणारे, वेल्डिंग करणारे, पंजाबपासून ओरिसापर्यंतचे. त्यांचा फोरमन तीन महिन्यांचं काम सांगायचा आणि तीन महिने संपत आले की पुढचे तीन द्यायचे का नाही ते ठरवायचा.

माझ्या वडिलांकडं, वर्धेकडं, सालदार असायचे. पाडव्याला मालक आणि गडी समोरासमोर बसून बोलले की पुढच्या पाडव्यापर्यंत दोघांनाही घोर नसे. इथं तसं नव्हतं. टोळीला तीन महिने, म्हणून मला तीन महिने, म्हणून माझ्या बायांना तीन महिने. कुणाला 'तू माझ्याकडची' असं म्हणायची सोयच नव्हती. म्हणायला लागावं तोवर मुदत संपायची. मी फार गुंतायचंच नाही असं ठरवून टाकलं होतं. बाई कामाला चोख, मी पैशाला चोख, संपलं.

पहिल्या वर्षी आसपासच्या बस्तीतल्या तीन बाया होत्या. कामाला वाघिणी. पोळ्याचा सण आला. छत्तीसगडात त्याला पोरा म्हणतात. त्या दिवशी दुपारपासून एकेकीचा भाऊ दारात उभा राहायला लागला. कुणी सायकलवर, कुणी पायी, खांद्यावर गाठोडं. तिन्ही बाया हात धुऊन, पदर नीट करून निघाल्या. मला वाटलं, कुणाच्या घरी काही बरंवाईट झालं की काय. तर म्हणे तीजा. पोऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी तीजेचा उपास, आणि तो माहेरीच करायचा. न्यायला बापानं नाहीतर भावानं यायचं. सासू कितीही खाष्ट असो, त्या दिवसांत ती सुनेला अडवत नाही. मग मी कोण अडवणारी?

आमच्यात त्याच दिवशी हरतालिका. म्हणजे मी स्वतः निर्जळी उपाशी, आणि समोर चाळीस माणसांची कणीक. हे पाळीवरून आले आणि बसले लाटायला. त्यांच्या पोळ्या बघून एक वेल्डर म्हणाला, "ये तो गॅस्केट बन गई." यंत्राच्या सांध्यात घालतात ती रबरी चकती. टोळी हसली, पण जेवण दीड तास उशिरा झालं होतं आणि फोरमन हसला नाही. तो मला म्हणाला, "बहनजी, दुबारा ऐसा हुआ तो हम दूसरी मेस देख लेंगे." दुसरी खानावळ दोन गल्ल्यांवर होती. तिथं आचारी पुरुष होते. पुरुषांना तीजा नसते.

म्हणून दुसऱ्या वर्षी मी डोकं चालवलं. दोन बाया माहेरवाल्या ठेवल्या, पण त्यांची मुदत पोऱ्याच्या दोन-तीन दिवस आधी संपेल अशी बांधली. जा बायांनो खुशाल, आल्यावर बघू. आणि तिसरी बाई शोधली बिनमाहेरची, तिची मुदत थेट दसऱ्यापलीकडं. मला त्यात आजही काही वावगं वाटत नाही. धंदा करायचा म्हटलं की ज्याला जे नाही त्याची चौकशी करावीच लागते.

ती आली तेव्हा दारातच उभी राहिली. उंच, हाडापेरानं मजबूत, तिशीच्या आतली. माझा प्रश्न ऐकून ती हसली नाही. म्हणाली, "मोर मइके नइ हे, बाई. दाई-ददा दुनो सिरागे. भाई घलो नइ हे." आईबाप दोघंही गेले, भाऊही नाही. मी मनात म्हटलं, देव पावला. तोंडानं अर्थातच 'अरेरे' म्हटलं.

कामाला ती तिघींना भारी होती. भाताचा मोठा गंज एकटीनं उतरवायची आणि वाफ तोंडावर न घेता पेज काढायची. बोलणं कमी. दुपारी बाया जरा टेकल्या की आपापल्या माहेरचं काढून बसायच्या. कुणाच्या वहिनीनं काय म्हटलं, कुणाचा भाऊ यंदा कोणत्या रंगाचं लुगडं आणणार. तेव्हा ती उठून नळावर जायची. तिच्या घरी सासू होती, दोन जावा होत्या. तीजेला जावा माहेरी जात आणि ही एकटी सासरी उपास करी. सासू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, हिला न्यायला कुत्रंही येत नाही. हे मला दुसऱ्या बायांनी सांगितलं. ऐकून वाईट वाटलं. पण तीजेच्या दिवशी पोळ्या वेळेवर होणार हेही वाटलं, आणि आधी तेच वाटलं.

मग राखीपौर्णिमा झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी बाया उशिरा आल्या, केस ओले, अंगाला तळ्याच्या पाण्याचा वास. टोपलीत अंधारात उगवलेले गव्हाचे पिवळे कोंब त्या तळ्यात शिरवून आल्या होत्या. आपल्याकडं घटाला धान उगवतं तसंच ते. भोजली म्हणतात. त्यातले थोडे कोंब मागं ठेवून एकमेकींना देतात. मी कणीक मळत होते. ही माझ्यापुढं येऊन उभी राहिली, ओंजळीत कोंब. तिनं दोन-चार काड्या माझ्या कानावर खोवल्या आणि उरलेल्या माझ्यापुढं धरून थांबली. माझे हात कणकेचे. मी म्हटलं, सणाचा दिवस आहे, कशाला हिरमोड करा. दसऱ्याला आपण सोनं लुटतो तसं असेल. पाटलाला द्या, पिठाच्या गिरणीवाल्याला द्या, दुसऱ्या दिवशी कोण कुठं. मी कणकेच्या हातानंच तिच्या कानावर कोंब खोवले आणि सवयीनं म्हणूनही गेले, "सोन्यासारखी राहा."

घरमालकीण म्हातारी ओट्यावर होती. तिनं लगबगीनं आतून नारळ आणून फोडला. आम्हा दोघींच्या हातात एकेक तुकडा दिला. मला वाटलं प्रसाद. मी खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ही कामाला आली आणि 'बाई' म्हणायच्या ऐवजी म्हणाली, "सीताराम, भोजली."

मी म्हातारीला विचारलं तेव्हा सगळा उलगडा झाला. भोजली बदली, म्हणजे कानावर कोंब खोवून नातं जोडलं, की त्या दोघी जन्माच्या मैत्रिणी. एकमेकींचं नाव घ्यायचं नाही, भोजलीच म्हणायचं. सुखात-दुःखात सख्ख्यासारखं उभं राहायचं, लग्नात, मयतीत. लेकरांनीसुद्धा ते नातं पाळायचं. आणि म्हातारी बोळक्या तोंडानं हसत शेवटी म्हणाली, तिला आता माहेर झालं. तुझं घर हेच तिचं माहेर.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते असं. साऱ्या खुर्सीपारात शोधून मी बिनमाहेरची बाई आणली होती, आणि तिचं माहेर मीच होऊन बसले होते.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. ते हातपाय धूत होते. म्हणाले, "तुले कोन सांगतलं होतं कानात खोसाले?"

"मले काय मालूम! मले वाटलं सोनं देऊन राहिली."

"मंग आता?"

"मंग काय मंग. सांगून देतो मी तिले, मले मालूम नव्हतं म्हून. असं थोडंच राहते नातं!"

पण सांगायला तोंड उघडेना. रोज सकाळी ती 'सीताराम, भोजली' म्हणायची आणि मी 'हो हो' म्हणून कणकेकडं वळायची. तिला रागावायचीही सोय गेली. एकदा भात करपला तर मी नुसती गप्प उभी राहिले. तीच म्हणाली, बोल ना. मी चिडले होते, आणि चिडून उपयोग नव्हता म्हणून आणखीनच चिडले होते.

पोऱ्याच्या दोन दिवस आधी तिनं विषय काढला. बाकीच्या दोघींची मुदत संपली होती, त्या गाणं गुणगुणत निघून गेल्या होत्या. भांडी घासता घासता ती खाली मान घालून म्हणाली, "काम तो मैं करहूं, भोजली. चूल्हा मैं नइ छोड़व. फेर कोनो लेगे बर आतिस…" काम मी करीनच. चूल सोडणार नाही. फक्त कुणीतरी न्यायला यावं.

तिला सुट्टी नको होती. तिला लुगडं नको होतं. सासूच्या आणि जावांच्या देखत तिच्या दारात कुणीतरी येऊन उभं राहावं आणि म्हणावं, हिला न्यायला आलोय. एवढंच.

मी उठले. आत जाऊन डाळ निवडत बसले आणि मला माझ्या भावाचा राग आला. हे कुठून मध्येच आलं असं वाटेल, म्हणून सांगते. माझे आईवडीलही गेलेले. दर दिवाळीला भाऊ न्यायला यायचा. दुर्ग स्टेशनवर उतरून टांग्यानं यायचा. मी खानावळ काढली आणि त्यानं निरोप पाठवला की आपल्या घरची लेक शिजवलेलं अन्न विकते, गावात तोंड दाखवायला जागा नाही. त्यानंतर आला नाही. मीही आपण होऊन गेले नाही. न बोलावता माहेरी जायचं म्हणजे काय जायचं! खानावळीतल्या कुणाला मी हे कधी सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणायची, भावाला शेतीतून सवड नाही.

हे पाळीवरून आले तेव्हा मी म्हटलं, "पोऱ्याच्या दिशी तुमाले तिच्या घरी जा लागते. न्याले."

"मी? मी कोन तिचा? भाऊ का बाप?"

"भोजलीच्या घरचे म्हना. धोतर नेसून जा."

"धोतर?" त्यांनी माझ्याकडं पाहिलं. दहा वर्षांच्या संसारात त्यांना एक गोष्ट कळली होती, मी कुठल्या वेळी ऐकणार नाही हे. ते उठून पेटीतून धोतर काढायला लागले.

पिशवीत मी करंज्या बांधून दिल्या. त्या वेळी त्यांचा एक सोबती क्वार्टर मिळून सेक्टर सहाला राहायला गेला होता. त्याची नवी सायकल मागून आणली, कारण आमच्या सायकलची चेन उतरायची आणि माहेरचा माणूस दारात चेन चढवत बसलेला बरा दिसला नसता. परत आल्यावर ह्यांनी जे सांगितलं ते असं. दारात सासू बसली होती. हे सायकल लावून उभे राहिले आणि म्हणाले, "भोजली के घर से आए हैं. लेने." सासूनं ह्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि खाट टाकली. आतून पाणी आलं. एका जावेचा भाऊ आधीच येऊन बसला होता, तो सरकला. आणि ही आतून जी बाहेर आली ती तयारच. गाठोडं काखेत, डोळ्यांत काजळ. ह्यांनी विचार केला, एवढ्यात कशी तयार झाली? ती सकाळपासून तयार होऊन बसली होती.

ती माझ्या दारात आली आणि सरळ पडवीत जाऊन चुलीपाशी बसायला लागली. कबूल केल्याप्रमाणं. आणि तिथं माझी गंमत झाली. माझ्या आईनं माझ्या हाडात घातलेलं आहे, माहेरवाशिणीला आल्या आल्या चुलीपुढं बसवायचं नाही. मी तिच्या हातातली फुंकणी काढून घेतली. म्हटलं, "ऊठ. इथं नाही बसायचं." तिला वाटलं काही चुकलं. मी खोलीत सतरंजी टाकली आणि तिला तिच्यावर बसवलं. ती अवघडून बसली, पाहुण्या घरी बसतात तशी, हात मांडीवर.

तीजेच्या आदल्या दिवशी सांजेला कारल्याची भाजी आणि भात खातात, करू भात. म्हातारीनं सांगितलं तसा केला. मी कारली पिळून गूळ घालून केली, आपल्याकडची. तिनं पहिला घास घेतला, थांबली आणि म्हणाली, करूच नइ हे. कडूच नाही! तरी सगळी संपवली.

राहिली टोळी. मी आपण होऊन फोरमनकडं गेले आणि सांगितलं, "कल सबको खिचडी मिलेगी. घर में माहेरवाशीण आई है."

"कौन आई है?"

"बेटी-बहन. मायके आई है."

तो म्हणाला, "आपके यहाँ तो मेस है, बहनजी. मायका कहाँ से आया?" मी म्हटलं, आया सो आया. खिचडी वेळेवर मिळेल.

खिचडी वेळेवर मिळाली. कढीसुद्धा केली. मी निर्जळी, हे वाढायला. जे पोळीवर जगणारे होते त्यांनी कुरकुर केली. ओरिसावाल्यांनी दोनदा मागून घेतली. ती दिवसभर खोलीत होती. दोन-तीनदा पडवीच्या दारात येऊन उभी राहिली, मी डोळे वटारले की परत जायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपास सोडायचा. माहेरचं नवं लुगडं नेसून सोडतात. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिनंही लुगडं मागितलं नव्हतं. दुकानं उघडायची होती. मी पेटी उघडली. तळाशी एक हिरवं लुगडं होतं, भावानं शेवटच्या दिवाळीला घेतलेलं. घडी मोडली नव्हती. का मोडली नव्हती ते मलाही नीट सांगता येणार नाही. रागानं म्हणावं तर पेटीत जपून कशाला ठेवलं असतं! ते काढून मी तिच्या हातात दिलं. म्हटलं, "माझ्या माहेरचं आहे. म्हणजे तुझ्या."

तिनं घडी उलगडली नाही. माझ्याकडं पाहत म्हणाली, "तोर घर घलो कोनो लेगे बर नइ आवय, भोजली. मैं देखत रहेंव. तेकरे सेती तोर संग बदेंव."

तुझ्या घरीही कुणी न्यायला येत नाही. मी बघत होते. म्हणूनच तुझ्याशी भोजली बदली.

मी तिला का ठेवलं होतं ते मला पक्कं माहीत होतं. तिनं मला का निवडलं ते मला आत्ता कळत होतं. चुलीतून धूर येत नव्हता तरी माझे डोळे भरले आणि मी ते पुसले नाहीत. ती लुगडं नेसायला आत गेली. मग आम्ही दोघींनी जोडीनं उपास सोडला.

फोरमन शब्दाचा पक्का होता; त्याच्या लेखी पोळीऐवजी खिचडी म्हणजे पुन्हा तेच. मुदत संपल्यावर त्यानं पुढचं काम दोन गल्ल्यांवरच्या खानावळीला दिलं. मला फार लागलं ते. दोन वर्षं टोळीला जेवू घातलं होतं आणि एका खिचडीनं गेलं. बायांना निरोप द्यावा लागला. हिलाही. मी शब्द जुळवत बसले होते, तर तीच म्हणाली, "मुद्दत सिरागे त सिरागे. भोजली थोरे सिराथे." मुदत संपली तर संपली, भोजली थोडीच संपते. आणि पदर खोचून गेली. तिला दुसरीकडं माती वाहायचं काम मिळालं. वर्षभर आमची गाठ तळ्यावर नाहीतर बाजारात पडायची, तेवढीच.

माझी खानावळ चार-पाच फिटरांवर आली, पुन्हा सुरुवात केली होती तिथं.

पुढच्या वर्षी पोऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी पोळ्या लाटत होते. दारात बैलगाडी थांबली. बैलांची शिंगं रंगवलेली. हाकणारा तिचा नवरा होता, डोक्याला नवा पटका. मला वाटलं हिला सोडायला आला, माहेरी. पण गाडीत कुणी नव्हतं. गवत पसरून त्यावर घोंगडी अंथरली होती.

तो खाली उतरला, दाराबाहेरच उभा राहिला आणि पाठ केल्यासारखं म्हणाला, "तीजा लेगे बर आय हंव, भोजली ला."

मी विचारलं, "कुणाले?"

माझ्यामागून हे म्हणाले, "तुले न्याले आले, तुले. उभी कावून राहिली?"

मी हात धुतले. लाटलेल्या पोळ्या झाकून ठेवल्या. जेवायला आलेला एक फिटर बाकावर बसला होता. त्यानं विचारलं, "बाई, उद्या खानावळ?"

म्हटलं, बंद. माझ्या माहेराहून न्यायला आलेत.